समोरच्याची सही

नागपुरात मी पत्रकं लिहायचे. वसतिगृहाचं पाणी, मेसची पोळी, वाढलेली फी. विषय कोणताही असो, पहिल्या ओळीत निषेध, शेवटच्या ओळीत इशारा. समोरच्याचं म्हणणं एका वाक्यात उरकायचं, तेही त्याला हसण्यापुरतं. याच जोरावर मी कॅनडात वॉटर्लूला एम.ए. करायला आले. माणसं बोलून-लिहून एकमेकांना पटवतात कशी, हा अभ्यासाचा विषय. म्हटलं, हे तर आपल्याला येतंच.

पहिला निबंध शिकवणाऱ्या बाईंनी न वाचताच परत दिला. म्हणाल्या, "पहिलं पान समोरच्याचं. त्याची बाजू अशी लिही की तो खाली सही करेल. खरी सही आण. नसेल तर मी दुसरं पान उलटणार नाही." या विषयात नापास झाले असते तर पुढच्या सत्रात मला जागा नव्हती. सरळ नागपूर.

माझा निबंध घरमालकांविरुद्ध होता. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायचे. तेही नागपूरचेच, सॉफ्टवेअरमधले. मी त्यांना दादा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला वहिनी. बर्फ पडला की पायऱ्या आणि पुढची वाट शोव्हल करायचं, म्हणजे फावड्यानं बर्फ काढायचं काम माझ्याकडे. भाडेकरू म्हणजे गडी नव्हे, हे माझं ठाम मत होतं. अजून आहे.

पहिलं पान घेऊन वर गेले. दादा वाचून म्हणाले, "हा कोण आहे?"

"तुम्ही."

"मी? अगं, इकडे ये, पाहा. पोरीनं मला जमीनदार करून टाकलं!"

वहिनींनी वाचलं. "मिशा तेवढ्या राहिल्या गं."

"दादा, सही करा ना. माझं वर्ष जाईल."

"कशी करू? हा माणूस मी नाहीच ना."

दुसऱ्यांदा मी कायद्याची भाषा घातली, शब्द सौम्य केले. "हा वकील आहे," दादा म्हणाले आणि कागद परत दिला. मी चिडले. "मग तुम्हीच सांगा तुमचं काय म्हणणं आहे ते!"

त्यांनी खुर्ची ओढली. मागच्या हिवाळ्यात पोस्टमन त्यांच्या पायऱ्यांवर घसरला होता, मनगट मोडलं होतं. दादांचं ऑफिस तासाभरावर, मिल्टन गावाच्या पुढे, ते सहालाच गाडी काढायचे. वहिनीही कामावर. संध्याकाळी परत आले तर पत्रं बर्फावर पसरलेली. "ती मी वेचली. त्याचं नावही मला माहीत नव्हतं. मी निघतो तेव्हा पायऱ्या साफ असतात, बर्फ पडतो मागून. तू निघते आठला, तो येतो नऊला. दुसऱ्या कोणाला सांगू?"

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलं कुठे? तू तर डायरेक्ट भांडून राहिली होती."

मला राग आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो कोणावर काढायचा ते कळेना. खाली येऊन पान तिसऱ्यांदा लिहिलं. पत्रं वेचणारा माणूस त्यात आला. दादांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली. मग हात पुढे केला. "बाकीचं दे."

बाकीची आठ पानं त्यांच्याविरुद्धच होती. काळजी तुमची असेल तर सोयही तुम्हीच करा, मजूर लावा, माझ्या खांद्यावर टाकू नका. चष्मा लावून, चहा गार होऊ देत त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

"नाही पटलं," ते म्हणाले. "पण सातवं पान चांगलं आहे."

बाईंनी माझ्यासमोर दुसरं पान उलटलं. मी पास झाले. घरी फोनकार्डावरून सांगितलं तेव्हा आईला आधी कळेचना, की घरमालकाशी भांडून कोणी पास कसं होतं.

बाईंचे उपकार मी मोजत बसत नाही. दादांचे मात्र सांगायलाच हवेत. कुलगुरूंपासून मेसच्या ठेकेदारापर्यंत सगळ्यांना मी शेकड्यांनी पत्रकं वाटली होती. त्यांतलं एकही कोणी शेवटपर्यंत वाचलं असेल असं मला वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर मी ती वाचली जावीत म्हणून लिहिलीच नव्हती. माझं लिहिलेलं पूर्ण वाचणारा पहिला विरोधक मला माझ्याच डोक्यावरच्या मजल्यावर भेटला. त्याच्याशी भांडण्यात पुढची दोन वर्षं फार सुखात गेली.