ताई फोटोला बसली

"मग माझा काढ," ताई म्हणाली आणि चहाचा कप तोंडाशी नेता नेता मी थांबलो.

माझ्या मुलीला, शर्मिष्ठाला, फोटोग्राफीच्या कोर्ससाठी अर्ज करायचा होता. अर्जासोबत घरातल्या एका माणसाच्या चेहऱ्याचा फोटो हवा होता आणि सोमवार शेवटचा दिवस. तिच्या आईला आपण जाड दिसतो अशी धास्ती. माझा चेहरा तिने आधीच नापास केलेला. आणि मुलुंडहून रविवारची जेवायला आलेली माझी थोरली बहीण, मृणालिनी, आपण होऊन म्हणत होती की माझा काढ. मला धक्काच बसला.

चाळीस वर्षांत ताई फोटोला उभी राहिलेली नाही. आमच्या अल्बमांत ती शोधून सापडायची नाही. माझ्या लग्नात फोटोग्राफर वळला रे वळला की हिला पंगतीत मीठ वाढायचं राहिल्याचं आठवायचं. शर्मिष्ठाच्या बारशाच्या एका फोटोत पाळण्याच्या दोरीवर तिचा हात आहे, तेवढाच.

ताईच्या ओठाच्या डाव्या कडेपासून हनुवटीपर्यंत कोड आहे आणि एक डाग भुवईवर. विसाव्या वर्षी आलं, तेवढंच राहिलं. कुणाला वाटेल, लाजत असेल बिचारी. कसली बिचारी! टेलिफोन खात्यात तीस वर्षं ऑपरेटर होती, तिच्या आवाजाला भलेभले साहेब वचकून असत. पावडरचा डबा तिच्या घरात नाही. एकदा एका भाजीवाल्याने मेथीची जुडी लांबूनच पिशवीत टाकली, तर भर बाजारात त्याला म्हणाली, "लागत नाही हे. हातात दे." लहान मुलं टक लावून बघायला लागली की खाली वाकून सांगायची, "बघ नीट. हात लाव हवा तर." अशी बाई कॅमेऱ्याला तेवढी भ्यायची.

त्याचं कारण मला माहीत होतं. म्हणजे, असं मी समजत होतो.

ती चोवीसची असताना मालाडच्या एका मुलाचं स्थळ आलं. पत्रिका जुळली, फोटो गेला, मंडळी बघायला आली. मी तेव्हा सतरा वर्षांचा, पोह्यांवरचं खोबरं मीच खवलं होतं. ताई ट्रे घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईने तिच्याकडे पाहिलं, पर्समधून फोटो काढून त्याच्याकडे पाहिलं आणि उठली. "फसवणूक आहे ही," एवढंच म्हणाली. मुलगा मान खाली घालून तिच्यामागे गेला. पोहे तसेच राहिले.

फोटोत डाग नव्हते. स्टुडिओवाल्याने बारीक ब्रशने ते भरून काढले होते. आमच्या आईनेच त्याला तसं सांगितलं असणार हे आम्ही सगळे धरून चाललो आणि आईनेही कधी नाही म्हटलं नाही. त्यानंतर ताईने एकही स्थळ घरात येऊ दिलं नाही. आणि मी आईला माफ केलं नाही.

आता तीच ताई शर्मिष्ठाला म्हणत होती, "त्या तुझ्या फुटक्या फोनवर नको. बारावी झालीस, काहीतरी द्यायचंच होतं तुला. चल, आजच घेऊ."

आम्ही तिघं अंधेरीच्या एका मोठ्या दुकानात गेलो. एका भिंतीला फोन, समोरच्या भिंतीला कॅमेरे. शर्मिष्ठा सरळ फोनकडे वळली. तिचे सगळे मित्रमैत्रिणी फोनवरच काढतात म्हणे. मीही तिचीच री ओढली. "गळ्यात डबा अडकवून कोण फिरतं आता?" आणखी एक गोष्ट मनात होती, ती बोललो नाही. हल्लीचे फोन चेहऱ्याला सांभाळून घेतात असं ऐकलं होतं. म्हटलं, ताईला बरं वाटेल.

काउंटरवरच्या विक्रेत्याच्या छातीवर सुशांत नावाची पट्टी होती. "मॅडम, इथे बसा ना. एकदम झकास येणार, बघाच तुम्ही!" त्याने स्टूल पुढे केलं. शर्मिष्ठाने त्याच्या हातातला फोन घेऊन ताईचा फोटो काढला.

मी स्क्रीनवर पाहिलं. डाग गायब होते. ओठापासून हनुवटीपर्यंत एकसारखी गव्हाळ कातडी, वयही दहाएक वर्षांनी कमी. थोडं सांभाळून घेईल असं मला वाटलं होतं. याने तर पुसूनच टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं.

"आत्या, कसली भारी दिसतेस!" शर्मिष्ठा बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

ताईने फोन हातात घेतला. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आवडला.

"हिला मी ओळखते," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "विद्या, तूही पाहिलंयस हिला."

सुशांतला काहीतरी चुकल्याचं कळलं. "मॅडम, बंद करता येतं ते. सेटिंगमध्ये जायचं फक्त."

"येत असेल रे. पण बंद करणार कोण? इतकं छान दिसल्यावर मी तरी करू देईन का या पोरीला?" तिने फोन काउंटरवर ठेवला. "तिकडचा कॅमेरा आण. समोर असेल तेवढंच काढणारा."

तो कॅमेरा आणायला गेला. मला राहवलं नाही. "ताई, जाऊ दे ना आता. आईने तेव्हा जे केलं..."

"आईने नाही केलं."

ताईने काउंटरवरचा फोन पालथा घातला.

"स्टुडिओवाल्याला मी सांगितलं होतं. त्या मुलाचा फोटो आधी आला होता ना आपल्याकडे? आवडला होता मला तो. म्हटलं, एकदा येऊ दे घरी, मी बोलते त्याच्याशी. माझ्याशी बोलल्यावर डागांचं काय घेऊन बसतोय? बोलायची वेळच आली नाही."

काउंटर धरून मी विचारलं, "आणि आई?"

"तिला त्याच दिवशी सांगितलं. म्हणाली, सगळ्यांना मीच केलं असं वाटतंय ना, वाटू दे. तुला याच माणसांत राहायचंय, माझं काय." ताईचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "मी सांगायला हवं होतं, विद्या. दर दिवाळीला वाटायचं, आता सांगते. मग आईच गेली."

सुशांतने कॅमेरा आणला. शर्मिष्ठाने तो दोन्ही हातांनी उचलला. तिचे डोळे भरले होते, पण तिने फोनकडे पुन्हा पाहिलं नाही. ताईने चष्मा काढला, डोळे पुसले, केस मागे सारले आणि स्टुलावर ताठ बसली.

"बाबा, सरक ना जरा. उजेड अडतोय."

मी भिंतीला टेकलो. कॅमेरा दोनदा वाजला. शर्मिष्ठाने आत्याला फोटो दाखवला. ओठाजवळचा डाग, भुवईवरचा डाग, रडून लाल झालेलं नाक, सगळं होतं त्यात. "हा पाठव," ताई म्हणाली.

मला त्या दोघींकडे बघवेना. आईच्या शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये तिने पाणी मागितलं होतं आणि भांडं तिच्या हातात देताना मी म्हणालो होतो, "तू ताईच्या जन्माचं वाटोळं केलंस." हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आई सगळं पाणी प्यायली. भांडं माझ्या हातात परत दिलं आणि विचारलं, "ताई जेवली का रे?"