साडेबत्तीस इंचांचा हात

डेलमर प्रुइटच्या अंगणात त्या वसंतात मासेमारीची नवीकोरी बोट येऊन उभी राहिली, आणि आठवड्याभरात सगळ्या गावाला ठाऊक झालं की ती त्याला केंड्रेल ओक्सचा हात इंचभर आखूड लिहिल्याबद्दल मिळाली. कुणी दिली, ते मात्र दर दुकानात बदलायचं. न्हाव्याकडे पश्चिमेकडच्या कुठल्याशा संघाने, चर्चच्या पायऱ्यांवर उत्तरेकडच्याने. कारण मात्र एकच, ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक संघ पाळीपाळीने पोरं निवडतात त्यात, पोरगा मागे पडावा आणि शेवटी अलगद त्या संघाच्या झोळीत पडावा. मीही ही बातमी दोन-तीन ठिकाणी पोचवली. खोटं कशाला बोलू, थोडा मीठमसालाही लावला.

डेलमर एकतीस वर्षं स्काउट होता. म्हणजे अलाबामातल्या कॉलेजांचे सामने बघत हिंडायचं, आणि कुठला पोरगा व्यावसायिक संघाने निवडण्याच्या लायकीचा आहे ते लिहून पाठवायचं. गळ्यात स्टॉपवॉच, ते दफनविधीलाही काढायचा नाही. खानावळीत रोझेटा कॉफी घेऊन आली की तोंडातली काडी न काढता म्हणायचा, "पहिलं पाऊल मंद पडतंय तुझं." ज्याला त्याने टाकाऊ ठरवलं, तो पोरगा पुढे अकरा वर्षं खेळला. ज्याच्यावर तीन पानं स्तुती लिहिली, तो आज हायवेवर गाद्या विकतो. तरी दर वर्षी नवी वही आणि तोच रुबाब.

केंड्रेल आमच्या कॉलेजचा. रांगेच्या कडेला उभं राहायचं, समोरच्या धिप्पाड रखवालदाराला चुकवून किंवा उलथवून चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर थेट झडप घालायची, हे त्याचं काम. शेवटच्या हंगामात मोठ्या विद्यापीठाच्या रखवालदाराला त्याने तीनदा पार केलं. तिसऱ्या वेळी ते दीडशे किलोंचं धूड मांडी घालून गवतात बसलं. डेलमर माझ्या शेजारी उकडलेल्या शेंगा खात होता.

"दिसलं का काही?" मी विचारलं.

"दिसलं. पण हात मोजल्याशिवाय मी बोलत नाही."

देवाने डोळे दिले होते, पण डेलमरचा सगळा भरवसा इंचांवर. तेहेतीसच्या खाली हात असला की अशा पोराला संघवाले दारातूनच परत पाठवतात. हात आखूड, तर रखवालदार आधी धरणार, असा हिशोब.

आमच्यासारख्या छोट्या कॉलेजच्या पोरांना देशाच्या मोठ्या चाचणीला कुणी बोलावत नाही. मार्चमध्ये आमच्याच व्यायामशाळेत जी मोजणी होते, तीच पहिली आणि तीच शेवटची. तिथली रीत अशी, की सगळ्यांत जुना स्काउट मोजतो, आकडा ओरडतो, आणि बाकीचे वीसजण मुकाट्याने लिहून घेतात. संघाचं सामान तेव्हा मी सांभाळायचो. पोलादी टेप मीच टेबलावर ठेवली होती.

"ती राहू दे," डेलमर म्हणाला. "पोरांना गार लागते, अंग चोरतात." आणि खिशातून कापडी टेप काढली.

केंड्रेलने हात पसरला. डेलमरने खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत टेप ताणली. "साडेबत्तीस!"

"सर, शाळेत साडेतेहेतीस भरला होता."

"शाळेत मास्तर लाड करतात, बाळा. पुढचा!"

वीस पेनं चालली. एकानेही मान वर केली नाही. त्या दिवशी चौदाच्या चौदा पोरांचे हात आखूड निघाले, तेव्हा एक शहाणा हसून म्हणाला, "इथल्या पाण्यातच काहीतरी आहे." आणि तेही लिहून घेतलं असेल त्याने, काय सांगावं.

ड्राफ्ट तीन दिवस चालला. केंड्रेलच्या आईने, मिस अर्नेटाने, पहिल्या दिवशी फासळ्या भाजल्या, दुसऱ्या दिवशी बटाट्याचं सॅलड केलं, तिसऱ्या दिवशी काहीच केलं नाही. सात फेऱ्या संपल्या, फोन वाजला नाही. सोमवारी तिने पोराचा चर्चचा शर्ट हातात घेतला, मला बरोबर घेतलं आणि डेलमरचं दार ठोठावलं.

"मिस्टर प्रुइट, दुकानातला सगळ्यात लांब बाहीचा शर्ट आहे हा. माझ्या पोराच्या मनगटापर्यंत पोचत नाही."

"ते दुकानदाराला विचारा, मिस अर्नेटा. माझ्याकडे आकडा आहे."

"आकड्याला हात फुटलेत का, तो क्वार्टरबॅकला पाडायला?"

डेलमरने काडी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. मी मान फिरवली, तर खिडकीचे पडदे चौकटीच्या तळापासून दोन बोटं वरच लोंबत होते. त्याच्या बायकोने, व्हर्नाने, माझी नजर पकडली. "बघू नका हो तिकडे. खिडकी मी नीट मोजून दिली होती, दुकानदारानेच कापड कमी कापलं."

जूनमध्ये एका संघाने केंड्रेलला नुसतं सराव शिबिराला बोलावलं, ना करार पक्का, ना जागा. पहिल्याच सकाळी तिथे हात मोजला. साडेतेहेतीस. खात्रीसाठी पुन्हा मोजला, तेवढाच. ऑगस्टअखेर तो संघात राहिला, पण ड्राफ्टमध्ये ज्यांच्या नावाचा पुकारा झाला होता अशा दोनशेहून जास्त पोरांच्या मागून शिरून.

बातमी आली तेव्हा डेलमर खानावळीत होता.

"बावीस वर्षांचं वय," तो म्हणाला. "वाढला असेल."

"तीन महिन्यांत इंचभर?" रोझेटा कॉफी ओतत म्हणाली. "मग नाताळपर्यंत उभ्याउभ्या, न वाकता बुटाची नाडी बांधेल."

बोट डेलमरच्या मेहुण्याची होती. त्याच्या घरी जागा नव्हती म्हणून इथे आणून ठेवली होती. टेप व्हर्नाच्या शिवणाच्या डब्यातली, सव्वीस वर्षं जुनी आणि ओढून ओढून लांबलेली होती, खुणांमधलं अंतरही वाढलेलं. साडेतेहेतीस इंचांना ती साडेबत्तीस दाखवायची. डेलमरने ती पोलादी टेपशेजारी कधीच लावून पाहिली नव्हती.