कैसराचे अधिकार आणि आमचा ठराव

जानेवारीचा तिसरा रविवार, उपासनेनंतरची वार्षिक सभा. हजेरीवहीत चौसष्ट सह्या, त्यांत पाळकसाहेबांची एक. अकरा वाजून दहा मिनिटांनी आप्पा उठले आणि आपण अध्यक्षपद सोडतो असं त्यांनी सांगितलं. निवृत्त हेडमास्तर, एकोणीस वर्षं आमच्या ख्रिस्ती मंडळीचे अध्यक्ष. मंडळीच्या वरच्या कचेरीतून नवा नियम आला होता: कुणालाही दोनपेक्षा जास्त मुदती नाहीत. पुढच्या बाकावरच्या दोन बायका रडल्या. माझेही डोळे भरले.

आमचं गाव शिरूर-दौंड रस्त्यावर आहे. मिशनच्या काळातलं दगडी देऊळ, मागं आवार, आवारात दोन खोल्या. तिथं माझी थोरली बहीण राहायची. मेहुण्यांनी चौदा वर्षं देवळाची घंटा वाजवली, झाडलोट केली. ते गेल्यावर अक्का तिथंच राहिली. दर एप्रिलात कमिटी ठराव करून तिला आणखी एक वर्ष राहू द्यायची. अलीकडे रस्त्याकडेच्या जागांना भाव आला आणि काही तरुण सभासद तिथं गाळे काढायच्या गोष्टी बोलू लागले. माझी सगळी काळजी एवढीच होती, की अक्काचं छप्पर जाऊ नये.

आदल्या पावसाळ्यात मी तरुण संघापुढं तीन बुधवार बोललो होतो. प्रभूच्या जन्माच्या वेळी रोमात राज्य कुणाचं होतं आणि कोणत्या अधिकारानं, हा विषय. मला असल्या गोष्टींचा नाद आहे. फळ्यावर कोष्टकच काढलं. पहिल्या कैसरानं स्वतःला कधी राजा म्हणवून घेतलं नाही, कारण राजा म्हटलं की रोमचे लोक बिथरायचे. त्यानं सगळी सत्ता सिनेटला परत केल्याचं जाहीर केलं. सिनेटनं गयावया केली आणि बहुतेक फौज ज्या प्रांतांत होती, तेच प्रांत पुन्हा त्याच्या हाती दिले. दर वर्षी दोन कॉन्सल निवडले जात, ते सर्वांत मोठं पद. ते त्यानं ओळीनं काही वर्षं घेतलं आणि मग सोडलं. बदल्यात ट्रिब्यूनचा अधिकार घेतला. ट्रिब्यून हा सामान्य लोकांचा कैवारी. मोठा अधिकारी कुणावर अन्याय करू लागला, तर ट्रिब्यून मधे उभा राहून मना करायचा आणि काम तिथंच थांबायचं. कैसर पडला खानदानी, त्याला ट्रिब्यून होताच येत नव्हतं. म्हणून पद घेतलंच नाही, नुसता अधिकार घेतला. ट्रिब्यून दर वर्षी बदलत. याचा अधिकार जन्मभराचा.

आप्पा शेवटच्या बाकावर बसून ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे पद नाही, पण चालतं त्याचंच?"

"हो आप्पा. पदं बाकीच्यांना वाटलेली."

"हुशार होता की गडी!"

सगळे हसले. मीही हसलो. त्यांना हे मी शिकवलं असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं होईल. एकोणीस वर्षांत ते पुष्कळ शिकले असतील.

जानेवारीच्या सभेत कुणीतरी ओरडलं, "आप्पास्नी असं कसं सोडायचं? सल्लागार तरी करा!" आप्पा तीनदा नको म्हणाले. मी मोजलं. चौथ्यांदा गप्प बसले. मसुदा लिहायला सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं आणि मी पाठकोऱ्या कागदावर पाच मिनिटांत लिहिला. आप्पा तहहयात सल्लागार राहतील. कमिटीची बैठक ते केव्हाही बोलावू शकतील. जमीन आणि इमारतींबाबतचा कोणताही ठराव त्यांच्या संमतीशिवाय अमलात येणार नाही. हे शेवटचं वाक्य मी अक्कासाठी घातलं. उद्या पोरांनी खोल्या पाडायचा ठराव केला तर आप्पा अडवतील. त्यांनीच मेहुण्यांना कामावर ठेवलं होतं. ठराव एकमतानं पास झाला.

एप्रिलात कमिटी बसली. अक्काच्या मुदतवाढीला सात मतं, विरोधात चार. आप्पा दाराजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. अध्यक्षाच्या खुर्चीकडं त्यांनी बघितलंही नाही.

"माझी संमती नाही," ते म्हणाले.

"आप्पा, पाडायचा ठराव नाही हा," मी म्हणालो. "राहू द्यायचा आहे."

"इमारतीबाबतचाच आहे ना?"

"सात मतं पडलीत."

"पडलीत ना. सात लिहा. मी कुठं अध्यक्ष आहे? मी साधा म्हातारा सभासद. गाळ्यांत मंडळीचं भलं आहे, एवढंच मला दिसतं."

नवा सेक्रेटरी कंपनीत सुपरवायझर आहे. तो कागद माझ्यापुढं सरकवत म्हणाला, "तुमीच लिवलंय न्हवं, मामा? कोणताही ठराव." खरं होतं. कोणताही हा शब्द माझाच. पाडणं थांबवायला बसवलेल्या माणसाला राहणंही थांबवता येईल, हे मला सुचलं नाही. ज्या सात जणांनी अक्काला मत दिलं, त्यांतल्या एकानंही पुन्हा तोंड उघडलं नाही. मला सगळ्यात जास्त राग त्यांचा आला, आणि त्या सातांत मीही होतो.

अक्काला मी स्वतः सांगितलं. जानेवारीच्या ठरावाची प्रत तिनं डोळ्यांजवळ धरून वाचली.

"तू लिहिलास?"

"व्हय."

"अक्षर चांगलं हाय तुझं."

मी माझ्या घरी चल म्हणालो, तर नको म्हणाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात भाचा दौंडहून टेम्पो घेऊन आला. तिथं रेल्वेलाइनच्या कडेला त्याची एकच खोली आहे आणि त्यात आता पाच माणसं आहेत. टेम्पो गेल्यावर मी कुलूप लावलं आणि किल्ली द्यायला सेक्रेटरीकडं गेलो.

"मी घिऊन काय करू? आप्पांकडं द्या."

नवे अध्यक्ष आपल्या दुकानात होते. त्यांनी हातसुद्धा पुढं केला नाही. "मामा, कशाला मला मधी घालता? आप्पांकडंच द्या."

आप्पा ओट्यावर पेपर वाचत होते. मी किल्ली पुढं केली आणि लेखी पोच मागितली.

"ठेवा तिथं," ते पेपरातून वर न बघता म्हणाले. "पोच सेक्रेटरीकडून घ्या. मला सहीचा अधिकार नाही."