कोरडी काच

पाण्यासाठी तरसणाऱ्या मराठवाड्यात पाण्याचा मनापासून द्वेष करणारा एकच माणूस मी पाहिला: आमच्या बजाजनगरातले काचवाले सर. ते एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात फॉस्फेटमध्ये फ्लोराइड मिसळून शक्तिशाली लेसरसाठी काच बनवत. अशा काचेत पाण्याचा अंश राहिला, तर लेसरचे बळ ती स्वतःच गिळून टाकते. म्हणून त्यांच्या प्रयोगशाळेत चहा, ओली छत्री आणि घामेजलेला माणूस यांना सारखीच बंदी होती. मी वर्तमानपत्राचा बातमीदार; मलाही दारातच तळहात दाखवावे लागत. सर म्हणत, "लई घाम येतो तुम्हाला. खोट्या बातम्या लिहिता का काय?" खंडेनवमीला विभागप्रमुख भट्टीच्या पूजेसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले, तेव्हा सरांनी हळद-कुंकू कोरडेच वाहायला लावले आणि नारळ फाटकाबाहेर फोडायला पाठवला. "देवाला चालतं," ते म्हणाले, "काचेला नाय चालत."

पुढे ती खोली काढून घ्यायचे घाटू लागले. संस्थेचे अध्यक्ष पाहणीला येणार होते. त्यांना तयार काच दिसली, तरच भट्टी राहणार होती. पण अध्यक्ष ठरल्यापेक्षा एक दिवस आधी आले. काच अजून भट्टीत निवत होती, आणि घाईने हवा लागली की ती तडकते.

"सर, थोडं दार उघडा, फटीतून दाखवू," विभागप्रमुख कुजबुजले. "साहेब उभे आहेत."

"मग खुर्ची द्या त्यांना. बाळंतिणीच्या खोलीत असं डोकावता का कधी? नाय उघडणार."

सरांनी स्टूल ओढले आणि भट्टीच्या दाराकडे पाठ करून बसले. अध्यक्ष घड्याळ पाहत निघून गेले. दुसऱ्या दिवशी काच अखंड निघाली. पाहायला सर आणि मी, दोघेच होतो. काही दिवसांतच खोली गेली. तिथे आता मोडकी बाकं ठेवतात.

परवा सरांच्या घरी गेलो. काकूंनी पापडांसाठी कितीदा तरी मागितलेल्या हवाबंद डब्यातून सरांनी ती काच काढली.

"घ्या."

मी सवयीने तळहात दाखवले.

"असू द्या. साहेबांनी बघितली नाय, तुम्ही तरी हातात घेऊन बघा."

फिकट जांभळी, आरपार नितळ.

"तडा दिसतो कुठं?"

"नाही."

"व्हय ना? मग हरलं कोण?"

मी काच परत केली, तेव्हा तिच्यावर माझ्या बोटाचा ओला ठसा उमटला होता. सरांनी तो पाहिला. खिशातले फडके काढले, थोडा वेळ हातात धरले आणि काच तशीच डब्यात ठेवून झाकण लावले.