तोफेच्या हातचं मीठ

मोज्यांच्या आमच्या कारखान्यात मालकाला कोणी घाबरत नसे. तो वर्षातून एकदोनदा यायचा, यंत्रांकडे बघून समजल्यासारखी मान हलवायचा आणि जायचा. मॅनेजरसाहेबांना लोक थोडं भ्यायचे, तेही पगाराच्या आसपास. खरी जरब होती ती कॅन्टीनच्या मावशींची. तोंडावर मावशी, पाठीमागे तोफ.

मावशींची चव बघण्याची एक ऐट होती. पळी उचलायची, दोन थेंब तळहातावर घ्यायचे, चाटायचे आणि छताकडे बघायचं. छताला एक पंखा आणि ढीगभर काजळी, पण मावशी अशा बघायच्या की निकाल जणू तिथेच लागलाय. ‘झालं’ म्हणाल्या की झालं. दुसऱ्या कुणी पळीला जीभ लावायची नाही. त्यांची धाकटी जाऊ त्यांच्याच हाताखाली कांदे चिरायला होती. तिलासुद्धा ती मुभा नव्हती. बिचारी इतकी वर्षं नुसत्या वासावर नांदली.

मग कधीतरी रस्सा खारट लागला. एकदा लागला, सोडून दिलं. मग डाळ. मग भातसुद्धा, ज्यात खारट व्हायला तसा फारसा वाव नसतो. चहाचा तर पाक झाला. कप उचलला की बशी चिकटून वर यायची. पण बोलणार कोण? रंगखात्यातली मंडळी घरून दह्याचा डबा आणू लागली, म्हणे पोटाला बरं. शिवणखात्यातल्या बायका नळाकडे जाऊन रश्श्यातले बटाटे गुपचूप धुऊन खायच्या. आम्ही पॅकिंगवाले जातीचे भित्रे, आम्ही नुसतं पाणी प्यायचो. एका नव्या सुपरवायझरने मात्र धाडस केलं.

“मावशी, मीठ जरा...”

“जरा काय?”

“जरा... छान आहे.”

त्या माणसाला पुढे बढती मिळाली.

काहीतरी बिघडलंय हे मावशींनाही कळत होतं, पण नेमकं उलट्या बाजूने. त्यांना सगळं अळणी लागत होतं. म्हणून त्यांनी वाण्याला धरलं.

“तुझ्या मिठात दम नाही. भेसळ करतोस मेल्या!”

“मावशी, मिठात भेसळ करू? त्याच्याहून स्वस्त काय मिसळू ते तरी सांगा!” वाणी रडवेला झाला.

त्यातच बाहेरगावचे खरेदीदार आले आणि कॅन्टीनमध्ये जेवले. एकाने पाणी मागितलं, मग ग्लास बाजूला ठेवून जगच तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः स्वयंपाकघरात आले, दारातच उभे राहिले (आत यायची छाती नव्हती) आणि म्हणाले, “मावशी, सोमवारी मालक इथे जेवणार आहेत. सगळं नीट झालं तर ठीक. नाहीतर पुढच्या महिन्यापासून बाहेरून बंद डबे येतील आणि या खोलीला कुलूप लागेल.”

साहेब वळले आणि तोफ धाकटीवर उडाली.

“तूच गं! माझ्यामागे मूठभर मीठ टाकतेस आणि मला घालवायला बघतेस!”

धाकटीने सुरी खाली ठेवली. आम्ही ताटं घेऊन रांगेत उभे होतो, त्यामुळे पुढचं सगळं मी या कानांनी ऐकलं. शेजाऱ्याला ढकलून जरा पुढेही सरकलो होतो.

“जाऊबाई, मी टाकत नाही. तुमची जीभच गेलीय.”

“माझी?”

“तुमची. थांबा.” तिने दोन वाट्यांत डाळ घेतली, एकीत आणखी दोन चमचे मीठ घालून ढवळलं, वाट्या पाठीमागे धरून अदलाबदल केली आणि पुढे केल्या. “सांगा, खारट कुठली?”

मावशींनी तळहातावर थेंब घेतले, चाटले, छताकडे बघितलं. दुसरीचे घेतले, पुन्हा छत. मग म्हणाल्या, “दोन्हींत कमी आहे.”

रांगेत कुणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, पण मावशींचा चेहरा असा पडला की पोरं ताटांकडे बघायला लागली.

धाकटीने त्याच दिवशी त्यांना ओढत कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. तिथे काय झालं ते तिनेच आम्हाला पॅकिंगच्या टेबलावर बसून साभिनय सांगितलं, त्यात तिची भर किती ते तीच जाणे.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “जेवता काय?”

“सगळं करते. भात, डाळ, रस्सा, भाज्या...”

“करता काय नाही विचारलं. जेवता काय?”

धाकटीच म्हणाली, “चाखतात. दिवसभर थेंब थेंब चाखायचं आणि पोट भरलं म्हणायचं. ताट घेऊन बसलेलं मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. वर चहा, त्यात बिस्किट.”

“झोप?”

हे दुखणं वेगळंच होतं. यजमान जन्मभर रात्रपाळीचे पहारेकरी. निवृत्त झाले, पण रात्र काही त्यांना सोडेना. काठी टेकत दोन खोल्यांत फेऱ्या घालायच्या, कडी ओढून बघायची, खिडकी ढकलून बघायची. फ्रिज घुरघुरला की दरडावायचं, “कोण आहे तिकडे?” मावशी अंथरुणातून ओरडणार, “फ्रिज आहे! झोपा!” दिवसा मात्र हे गृहस्थ असे घोरायचे की भिंतीवरचं घड्याळ वाकडं व्हायचं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला दिलं. लोह कमी निघालं, जस्त कमी निघालं. त्या म्हणाल्या, “वयाने चव थोडी बोथट होतेच, तिथे माझं काही चालत नाही. पण पोटात धड अन्न नाही आणि झोप नाही, त्याने ती आणखी मंदावली असणार. अशी जीभ मीठ जास्त मागते, साखरही जास्त मागते. जेवा, झोपा, गोळ्या घ्या. काही महिन्यांत फरक पडेल, पण किती ते आज सांगता येत नाही.”

“सोमवारपर्यंत करा काहीतरी.”

“बाई, जीभ आहे ती. मोजा नव्हे, उसवला की शिवून द्यायला.”

यजमानांची सोय धाकटीनेच लावली. शेजारच्या लाकडाच्या वखारीत एक पहारेकरी एकटा कंटाळायचा. त्याला रात्री सोबत म्हणून यांना पाठवलं. फुकटचं काम, पण गृहस्थ नवरदेवासारखे दाढी करून, काठीला तेल लावून निघाले. मावशी मात्र सोमवारपर्यंत नीट झोपल्या नाहीत. घरात इतकी शांतता त्यांना सोसवेना.

सोमवारी पातेलं उतरलं. मालक बाहेर खुर्चीवर, साहेब त्यांच्या मागे घाम पुसत. मावशींनी पळी उचलली, हात पुढे केला आणि छताकडे न बघताच पळी धाकटीकडे वळवली.

“चाख.”

धाकटीने घाई केली नाही. इतक्या वर्षांची कसर होती. फुंकर घातली, चाखलं, डोळे मिटले. “जाऊबाई, मीठ कमी आहे. अजून चमचाभर.”

स्वयंपाकघर गार पडलं. मावशींनी भीतीपोटी हात आखडता घेतला असेल, हे शक्य होतं. आणि धाकटीला जुने हिशोब चुकते करायचे असतील, तर याहून सोपी संधी तिला जन्मात मिळणार नव्हती, हेही शक्य होतं. खरं काय ते मावशींच्या जिभेला कळणार नव्हतं. त्यांनी धाकटीकडे बघितलं. धाकटी कांद्याची सालं गोळा करत होती.

मावशींनी चमचाभर मीठ घातलं.

मालक जेवला. पाणी मागितलं नाही, रस्सा मात्र पुन्हा मागितला. साहेबांनी रुमाल खिशात घातला. खोलीला कुलूप लागलं नाही.

सगळे उठल्यावर धाकटीने ताट वाढलं आणि मावशींसमोर ठेवलं. “बसा.”

“नंतर.”

“आत्ता.”

तोफेला हुकूम देणारं माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. मावशी बसल्या. एक घास घेतला, चावला, तोंड वाकडं केलं.

“अळणी आहे.”

“तुम्हाला,” धाकटी म्हणाली. “जेवा.”

मावशी जेवल्या. आता रोज जेवतात. झोपही लागते म्हणे. चव बरीचशी परत आलीय, सगळी नाही. वयाने नेलं ते वयाकडेच राहिलं. आता प्रत्येक पातेल्यावर दोन जिभांची सही लागते. आत ‘झालं’, ‘नाही झालं’ चालू असतं आणि आम्ही भुकेले रिकामी ताटं घेऊन बाहेर उभे असतो. ‘लवकर करा’ म्हणायची हिंमत अजून कुणाची झालेली नाही. आता तर तोफा दोन आहेत.