दलालाच्या खुनाची पंगत

आमच्या ह्यांना एकच व्यसन होतं, आणि ते तंबाखूचं असतं तर बरं झालं असतं, असं मी देवापुढे बसून कितीदा म्हटलंय. खुनाच्या गोष्टी रचायच्या! अमरावतीच्या कचेरीत कारकुनी. दिवसभर चोरामोरांचे जबाब लिहायचे, आणि घरी आले की मनाचे चोर न् मनाचे मुडदे. ऐकायला कोण? मी. सासूसासरे नव्हते, मूलबाळ नव्हतं, सुटका नव्हती.

त्या वर्षी गोष्ट एका कापसाच्या दलालाची होती. विलायतेत म्हणे कापूस मिळेना, म्हणून इकडे जो तो कापसाच्या मागे येडा झालेला. तर ह्यांच्या दलालाला कोणीतरी ताकातून विष घातलं, इथवर मोठ्या रंगात आलं. पुढे खुनी कोण, ते ह्यांनाच ठाऊक नाही! घास हातात धरून आढ्याकडे बघत बसायचे. वरण निवायचं, माझं डोकं तापायचं.

इकडे माझा जीव टांगणीला लागलेला. बार्शीटाकळीला माझी आई अंथरुणाला खिळली होती. ‘लेकीला एकदा डोळे भरून पाहू द्या’ असा तिचा निरोप आला होता. भाऊ न्यायला गाडी धाडणार होता. पण त्या दिवसांत बैलगाडी मिळणं सोपं होतं का? एकूणएक गाड्या कापूस वाहत होत्या. रिकामी दिसली की व्यापाऱ्यांची माणसं रस्त्यातच बैलांचा कासरा धरायची. भावाने हातापाया पडून एका गाडीवानाला एका फेरीपुरतं कबूल केलं होतं. ती गाडी हुकली तर आई दिसायची नाही, हे मला लख्ख माहीत होतं.

नेमकं गाडी यायच्या दिवशी ह्यांच्या डोक्यात आलं.

“अवं, तू गेल्यावर गोष्ट कोणाले सांगू मी? आजच निकाल लावतो. सगळ्यायले जेवाले बोलावू.”

“कोणाले?”

“दलालाच्या घरच्यायले. पानावर बसला की माणूस उघडा पडते. कोण कोणाच्या पानाकडे पायते, त्यावरून खुनी कळते.”

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय! पण भांडत बसले असते तर गाडीपर्यंत भांडणच पुरलं असतं. म्हटलं, घाला पंगत.

पाट मांडले, पानं मांडली. नुसती पानं चालेनात, वाढूनही पाहिजे होती. पुतण्या दाराशी, पळायला बरं म्हणून. शेजारी वैद्य. त्याच्या शेजारी दलालाची दुसरी बायको.

“बाईमाणूस पुरुषांच्या पंगतीत?” मी म्हटलं. “अन् ते तपासाले आलेले जमादार आपल्यातले हायेत का? त्यायचं पान पडवीत मांडा.”

“गोष्टीत चालते.”

“मायं सोवळं गोष्टीतलं नाही!”

त्यावर ह्यांनी आणखी एक पाट ओढला, खुद्द दलालाचा. “मेलेल्याले कावून बसवता?” म्हटलं, तर म्हणाले, “त्याच्याबिगर बाकीचे कबूल कसे होतील?” मी कपाळावर हात मारला आणि बोचकं बांधायला आत गेले. बाहेर ह्यांचं सुरू झालं. सगळ्यांचे आवाज स्वतःच काढायचे. पुतण्याचा घोगरा, वैद्याचा नाकातला, आणि मग त्या बायकोचा, गळा काढून, “धनी गेला हो माझा, धनी गेला!”

दिवस कलला तरी गाडी येईना. शेवटी शेजारणीला विचारलं.

“आली होती ना,” ती म्हणाली. “गाडीवान तुमच्या दारातून डोकावला, न् तसाच उलटा फिरला. बाजाराकडे गेला.”

माझ्या तेव्हा लक्षात आलं. वाढलेली पानं, समोर रिकामे पाट, वर ते रडणं. असली पानं आपल्याकडे मेलेल्यांसाठीच वाढतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सुतकातल्या घरातून सवारी कोण घेईल? त्याने कापूस भरला असणार. मी ह्यांच्यापुढे काय काय बोलले ते सांगण्याजोगं नाही. हे खाली मान घालून पानं उचलत राहिले. दुसरी गाडी शोधायला वणवण फिरले, तीही मिळाली नाही. रोज उठून मी रडत होते.

आठवडा उलटला असेल. दारात एक गाडी थांबली आणि तिच्यातून माझी आई उतरली! विधवेच्या लाल आलवणात नुसती हाडं, गाडीवानाच्या काठीचा आधार घेतलेला. तिने आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं. कुंकू दिसलं तशी मटकन उंबऱ्यावर बसली. आतून हे बाहेर आले. तिने पदर पुढे ओढला.

“तो गाडीवान तं सांगे, तुया घरी मयत झाली म्हून. मंग मेलं कोन?” तिने मला विचारलं.

“दलाल,” हे पुटपुटले. “गोष्टीतला.”

“जावई हायेत म्हून गप बसतो मी,” आई म्हणाली, आणि तिथेच चौकटीला टेकून डोळे मिटून बसली.

पाणी दिलं तर घेईना. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही! मी किती विनवलं, किती ओरडले, “अवं आई, मरशीन!” छे. शेवटी मीच त्या गाडीत चढले. ह्यांनी आईला उचलून गाडीत निजवलं आणि शिवेपर्यंत गाडीमागे चालत आले.

शीव ओलांडल्यावर आई म्हणाली, “गाठोड्यात दशम्या हायेत. काढ, आता खाऊ.”

मी गाठ सोडली. दशम्यांच्या खाली कोरं आलवण होतं. घडीही न मोडलेलं.

माझ्याच्याने हात काढवेना. आईने पाहिलं.

“दुकानवाल्याले घरी बोलावून मीच निवडलं,” ती म्हणाली. “मऊ पायजे होतं. मायं पयलं लय बोचे.”