मूळ डिस्कला हात न लावता

ती घटना मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा मी भिवंडीत एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी नऊला वज्रेश्वरीकडच्या पाड्यावरची एक बाई आली. तिची एकोणीस वर्षांची मुलगी पडघ्याजवळच्या गोदामात कामाला होती. आदल्या संध्याकाळी ती घरी परतलीच नव्हती.

मुलगी हरवल्याची नोंद, म्हणजे मिसिंग, दाखल केली. खबऱ्याने कळवलं, पोरगी एका मुलाबरोबर बसमध्ये चढली. गोदामाच्या हजेरीपुस्तकातही सुटण्याची वेळ सहा लिहिलेली. मी निर्धास्त झालो. आई जागची हलेना.

"माझी पोर पलाली न्हाय, साहेब. ती आतच कुटं तरी हाय."

गोदाम धुंडाळलं, कुणी नव्हतं. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग जप्त करताना मी तोऱ्यात चालू रेकॉर्डरची वायर उपटायला लावली. ठाण्यात त्यातली डिस्क कॉम्प्युटरला जोडली तर स्क्रीनवर प्रश्न आला, फॉरमॅट करायची, म्हणजे सगळी पुसायची का? हवालदार बटण दाबणारच होता. आमच्या नेहमीच्या तंत्रज्ञाने त्याचा हात धरला.

"चित्रं शाबूत आहेत, साहेब. वायर उपटल्याने फक्त कुठलं कुठे ठेवलंय, ती यादी बिघडलीय."

"मग दुरुस्त कर."

"मूळ डिस्कवर काही लिहिणार नाही. चुकलो तर सगळं जाईल. आणि पूर्ण नक्कल काढायची तर उद्या उजाडेल."

त्याने एक छोटी फाइल बनवायला घेतली. कॉम्प्युटर त्या फाइललाच डिस्क समजणार होता. दुरुस्त केलेली यादी त्या फाइलमधून वाचणार, बाकी सगळं मूळ डिस्कवरून. दोनदा फसलं. त्याने फाइल पुसली, पुन्हा बांधली. मूळ डिस्क जशीच्या तशी राहिली.

तोवर मी गोदामाच्या सुपरवायझरला समोर बसवलं.

"सहाची वेळ तिने लिहिली?"

तो खाली बघत म्हणाला, "सर, सगळ्यांचा सहाचा आउटटाइम मीच पाच वाजता टाकून ठेवतो."

खबऱ्याला दरडावलं, तर त्यानेही बसचं नुसतं ऐकलेलं.

तिसऱ्या खेपेला चित्र दिसलं. पावणेसहाला मुलगी झाडू घेऊन ट्रकवरच्या रिकाम्या कंटेनरमध्ये शिरली. ड्रायव्हरने आत न बघताच दार लावलं आणि गाडी गेटबाहेर काढली.

गाडीच्या नंबरावरून माग काढला, तर कंटेनर हायवेलगतच्या यार्डात मे महिन्याच्या उन्हात उभा होता. पत्र्याला हात लावता येत नव्हता. दार उघडायची मला भीती वाटली. सोबत आलेल्या आईने हाक मारली. पुन्हा पुन्हा मारली. मग आतून झाडूच्या दांड्याचा बारीक आवाज आला.

मुलगी वाचली. तेव्हापासून लिहिलेल्या वेळेवर मी कधी विसंबलो नाही. दार उघडलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आईने नऊलाच सांगितलं होतं. मधले पाच तास माझ्या नावावर आहेत.